न आलेल्यांचा प्रवास

कामासाठी माणसं गाडीनं, रेल्वेनं, विमानानं फिरतात. त्या फिरण्यातून हवेत किती कार्बन गेला याचा अंदाज काढून देणं हा माझा व्यवसाय आहे. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरते. कोण गेलं, किती किलोमीटर गेलं, कशानं गेलं, गाडीत किती माणसं होती एवढं समजलं की पुढे गुणाकारच उरतो. पण ही चार उत्तरं सरळ मिळाली असं अजून एकदाही झालेलं नाही.

हैदराबादच्या एका संस्थेनं मला याच कामासाठी आठवडाभर बोलावलं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ही संस्था काम करते. त्यांनी विमानाचं तिकीट पाठवलं होतं. ते मी रद्द करायला लावलं आणि पुण्याहून पहाटेची रेल्वे धरली. यात तत्त्वापेक्षा लाज जास्त होती. दुसऱ्यांचा प्रवास मोजायला जायचं आणि यादीतलं पहिलंच विमान आपलं असायचं, हे बरं दिसलं नसतं.

दिवसाचा प्रवास असल्यामुळे प्रदेश बदलताना दिसला. सोलापूर मागे पडलं तरी काळी जमीन आणि तूर बराच वेळ सोबत होती. वाडीच्या पुढे सगळीकडे शहाबादी फरशी. आमच्याकडे ती घरात जमिनीला आणि ओट्याला असते. इथे शेतकऱ्यांनी उभ्या फरशा रोवून शेताला कुंपण केलेलं. विकाराबादच्या आसपास झाडी दाट झाली आणि मग शहर येईपर्यंत गोल खडकांचे ढीग दिसत राहिले. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला डब्यातला चिंचेचा पिवळा भात दिला. मी त्याला चित्रान्न म्हटलं. त्या म्हणाल्या, "पुलिहोरा." मी पुन्हा चित्रान्न म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात आणखी एक पळीभर वाढला, बहुधा मला शिकवायला.

हिमायतनगर

माझी राहायची सोय कुकटपल्लीला कुणाच्या तरी अतिथिगृहात केली होती आणि संस्था होती हिमायतनगरला, शहराच्या दुसऱ्या अंगाला. सकाळी मेट्रो बदलून नारायणगुड्याला उतरायचं आणि तिथून चालत जायचं. पहिल्याच दिवशी मी मेट्रो बदलायचं विसरले आणि भलत्याच ठिकाणी निघाले. अर्धा तास उशिरा, घामाघूम होऊन पोचले.

साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर संस्थेच्या चार खोल्या आहेत. प्रमुख म्हणजे राव सर, कानाचे निवृत्त सर्जन, सत्तरीचे, अतिशय मृदू बोलणारे. माझ्याशी ते हिंदीत बोलत. दुसऱ्या शुभदाताई. संस्थेचा सगळा प्रवास मुळात त्यांचाच होता, म्हणून त्यांचं काम आधी सांगते.

ज्या मुलांना साध्या श्रवणयंत्रानं ऐकू येत नाही, त्यांच्या कानात शस्त्रक्रिया करून एक बारीक यंत्र बसवतात. दुसरा भाग कानामागे बाहेर लावायचा असतो. पण यंत्र बसवलं म्हणजे मूल ऐकू लागलं असं नाही. कोणता आवाज किती जोरात आत पाठवायचा हे दर काही महिन्यांनी संगणकाला जोडून ठरवावं लागतं. कमी पाठवला तर ऐकू येत नाही, जास्त पाठवला तर त्रास होतो. हे ठरवणं म्हणजे शुभदाताईंचं काम. मुलं गावोगावी पांगलेली, म्हणून त्या संगणक आणि जोडणीची पेटी घेऊन संस्थेच्या गाडीनं जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं घ्यायला जायच्या.

त्या पन्नाशीच्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. त्यांचं घराणं चार पिढ्या हैदराबादचं. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत होते, वडील शिक्षक. त्यांची मराठी ऐकताना मला आधी जरा थांबावं लागायचं.

"तुम्ही आज मेट्रोत परेशान झालात म्हणे," त्या म्हणाल्या. "खामखा कुकटपल्लीला ठेवलं तुम्हाला. माझ्या घरी चला, अंबरपेठला. एक खोली खालीच आहे."

"खालच्या मजल्यावर?"

"नाही हो, खाली म्हणजे रिकामी!"

ऐकणाऱ्याची अशी गंमत त्या नेहमी करत असाव्यात. संध्याकाळी मी सामान उचलून त्यांच्याकडे गेले.

माझ्या कामाचं कारण साधं होतं. संस्थेला परदेशातून मदत मिळते. मदत देणाऱ्यांनी या वर्षी एक तक्ता पाठवला: कर्मचाऱ्यांच्या प्रवासातून किती कार्बन गेला तो लिहा आणि तो कसा कमी करणार ते सांगा. पुढच्या वर्षीची मदत ठरवताना हा तक्ता पाहिला जाणार होता.

मंगळवारी मी गाडीची नोंदवही घेऊन बसले. नोंदी स्वच्छ होत्या. बहुतेक शिबिरांना दहा-बारा मुलं येत. एक शिबिर मात्र वेगळं दिसलं: आदिलाबादच्याही पुढे, सगळ्यांत लांबचं, आणि तिथे मुलं दोनच. पाच वर्षांची राणी आणि अकरा वर्षांचा रमेश. दोन मुलांसाठी एक मोठी डिझेल गाडी पहाटे निघायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

दुपारी जिन्यात राव सर भेटले. त्यांनी विचारलं, "काही दिसतंय का?"

मी म्हणाले, "सगळं व्हायचंय अजून. पण ते आदिलाबादचं शिबिर जड दिसतंय. दोन मुलांसाठी एवढी गाडी."

एवढंच बोलले. हिशेब अर्धा झालेला असताना तोंडी आकडा द्यायचा नाही, हे मी हाताखालच्या लोकांना नेहमी सांगते.

राव सरांनी त्याच दुपारी निर्णय घेतला. गुरुवारी त्या शिबिराला गाडी जाणारच होती, ती त्यांनी थांबवली. दोन्ही घरांना फोन गेले: या वेळी तुम्हीच हैदराबादला या.

शुभदाताईंना हे संध्याकाळी कळलं. त्या माझ्याकडे आल्या. आवाज चढला नव्हता.

"तुम्ही सांगितलंत का सरांना?"

"जड दिसतंय म्हणाले. बंद करा म्हणाले नाही."

"हौ," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी तेच ऐकलं."

अंबरपेठ

अंबरपेठच्या त्यांच्या गल्लीत सकाळी भाजीवाल्या येतात. पुण्यात मी अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून आणि वरून लसणाची फोडणी देऊन खाते. शुभदाताईंकडे ती गोंगुरा होऊन आली, हिरव्या मिरच्यांसकट वाटलेली आणि इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं. सोबत ज्वारीची भाकरी मात्र आमच्यासारखीच, फक्त थोडी जाड. "भाकरी मराठी, बाकी सगळं इथलं," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी बंगळूरला असते. ती मराठी बोलते पण वाचत नाही. आईची चिठ्ठी आली की फोन करून विचारते काय लिहिलंय. हे त्यांनी तक्रार न करता सांगितलं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला राणी तिच्या आईवडिलांबरोबर संस्थेत आली. मारुती आणि सुनीता, दोघंही तिशीच्या आतली. अंधार असताना घरून निघाले होते. आधी वाटेत मिळालेली जीप, मग आदिलाबादहून बस, मग इथे रिक्षा. घरी ते मराठी बोलतात, बाजारात तेलुगू, आणि बोलताना दोन्ही एकात एक मिसळतात. राणी आईच्या खांद्यावर पडलेली होती, तोंड पांढरं.

"बसमधी लई ओकली," सुनीता म्हणाली. "निर्मलच्या फुडं तर थांबलीच नाय."

"आणि रमेश?" शुभदाताईंनी विचारलं.

"तो नाय येत," मारुती म्हणाला. "त्यांची कापूस वेचणी चालू हाय. त्याचा बाप म्हनला, दोन दिवस पोराला घिऊन कोन जाईल? तुमी येता तवा तो सायकलवर टाकून आनतो. हितं कसा येनार?"

शुभदाताईंनी राणीला पाणी पाजलं, तासभर निजू दिलं आणि मग आतल्या खोलीत घेतलं. मी कोपऱ्यात बसले होते. तपासणीचा खेळ सोपा असतो. मुलाच्या हातात मणी द्यायचा. आवाज ऐकू आला की त्यानं तो वाटीत टाकायचा. अगदी हळू आवाजापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत जायचं. मूल सांगतं त्यावर यंत्राची पातळी ठरते.

राणी मणी मुठीत धरून बसली. शुभदाताईंनी आवाज वाढवला. मूठ उघडली नाही. पुन्हा वाढवला. राणीनं डोळे मिटून घेतले आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

शुभदाताईंनी संगणक बंद केला.

"तिला ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"कोण सांगणार? ऐकू येत नाही म्हणून गप्प आहे की थकली म्हणून, हे मला बाहेरून दिसत नाही. मी अंदाजानं आवाज वाढवून ठेवला आणि तो जास्त झाला, तर पोर यंत्र फेकून देईल. मग पुन्हा कानाला लावून देणार नाही."

माझ्या आणि त्यांच्या धंद्यातला हा फरक मला तिथे कळला. माझा अंदाज चुकला तर तक्त्यातला एक आकडा बदलतो.

ते तिघं रात्री राहणार कुठे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. राव सरांना वाटलं होतं, दोन तासांत काम होईल आणि संध्याकाळच्या बसनं परत जातील. शुभदाताईंनी त्यांना अंबरपेठला आणलं. येताना जोडणीची पेटीही आणली. सगळ्यांनी वरण-भात खाल्ला आणि लवकर निजले.

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मला आत बोलावलं. गल्ली अजून शांत होती. सुनीता जमिनीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात राणी. शुभदाताई संगणक घेऊन बाजूला, राणीला दिसणार नाहीत अशा. खेळ सुनीता खेळवत होती. मधूनमधून ती स्वतःच मुद्दाम चुकीच्या वेळी मणी टाकायची आणि राणी तिच्या हातावर चापट मारायची: आत्ता नाही!

पाऊण तासात काम झालं. शुभदाताईंनी यंत्र काढून पुन्हा लावलं. मग राणीच्या मागे जाऊन, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "राणी."

पोरीनं मान वळवली. रागानं, खेळ थांबवला म्हणून.

मारुती दारात उभा होता. तो म्हणाला, "चला, म्हंजी फेरी वाया नाय गेली," आणि पिशवी भरायला गेला. त्यांना नऊची बस धरायची होती.

पुन्हा हिमायतनगर

त्या दुपारी मी गुरुवारच्या नोंदी माझ्या स्वतःच्या तक्त्यात भरल्या; मदत देणाऱ्यांच्या तक्त्यातले आकडे त्यावरूनच जायचे होते. संस्थेची गाडी: गेली नाही. राणी आणि आईवडील: जीप, बस, रिक्षा. रमेशच्या ओळीत काहीच भरायचं नव्हतं. तिथे शून्य पडलं आणि तक्त्यानं ती चौकट हिरवी केली. हिरवी म्हणजे बचत. तक्ता मीच बनवला आहे. रंगही मीच ठरवले आहेत.

बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसले. एक मुलगा तपासणीला येऊ शकला नाही आणि माझ्या पद्धतीनं ती गोष्ट संस्थेच्या चांगल्या कामात जमा झाली होती.

मग मी मंगळवारी करायला हवं होतं ते केलं. गाडी गेली नाही तर किती कुटुंबांना यावं लागेल, ते कशानं येतील, किती जणांना दुसऱ्यांदा यावं लागेल, हे शिबिरागणिक मांडलं. जिथे दहा-बारा मुलं होती तिथे उत्तर स्वच्छ आलं: एवढी माणसं शहरात येण्यापेक्षा एक गाडी जाणं हवेसाठीही बरं. आदिलाबादच्या पुढच्या शिबिराला मात्र गणित काही केल्या फिरलं नाही. वाया जाणाऱ्या फेऱ्या धरल्या तरी दोन कुटुंबांच्या बसप्रवासापेक्षा ती गाडी थोडी जडच राहिली. शुभदाताईंच्या घरी जेवून, राणीला वळून बघताना पाहून, मला हे उत्तर उलटं यावं असं वाटत होतं. ते आलं नाही. मी तसंच लिहिलं.

शनिवारी राव सरांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो.

"मंगळवारी मी अर्धवट अंदाज सांगितला," मी म्हणाले. "त्यावर तुम्ही निर्णय घेतलात. चूक माझी आहे."

"पण तुमचा आकडा तर तोच आहे," राव सर कागद बघत म्हणाले.

"हो. गाडी जडच आहे. पण रमेश आला नाही ती बचत नाही. तिला बचत म्हणून मी सही करणार नाही."

"त्यांच्या तक्त्यात दुसरी जागा नाही, मॅडम."

"मग एक वेगळं पान जोडू. बोलावलेले किती, आलेले किती, किती जणांचं काम झालं, किती जणांचं नाही. ते वाचायचं की नाही हे त्यांनी ठरवावं."

राव सरांनी कागद बाजूला ठेवला. ते मदत देणाऱ्यांना ओळखत होते, मी नाही. मदत थांबली तर आदिलाबादच काय, सगळीच शिबिरं थांबणार होती. त्यांची भीती खोटी नव्हती.

"मी ऑपरेशन करायचो," ते अखेरीस म्हणाले. "टाके घातले की माझ्या दृष्टीनं मूल बरं झालेलं असायचं. पुढे ते कुठे गेलं मी पाहिलं नाही. शुभदा पाहत होती." मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बोल, काय करायचं?"

शुभदाताईंनी बहुधा आधीच ठरवलं होतं. "तिथं मी बसनं जाते."

"पेटी घेऊन? तुझी कंबर?"

"कंबर बंडीतही दुखते, सर." गाडीला त्या बंडी म्हणत.

"आणि बसमध्ये पेटी आपटली तर? दुसरी नाही आपल्याकडे."

"नाही आपटत."

यावर दोघांचं बराच वेळ तेलुगूत चाललं. मला शब्द कळले नाहीत, पण शेवटी राव सरांनी दोन्ही हात वर केले आणि "सरे, सरे," म्हणाले. ठीक आहे, ठीक आहे, एवढा अर्थ मला आठवड्यात कळू लागला होता. मोठ्या शिबिरांना गाडी, लांबच्या शिबिराला बस, आणि अहवालाला जादा पान. रविवारी सकाळी मी परतीच्या रेल्वेत बसले.

पुण्याला येऊन महिना होत आला तेव्हा शुभदाताईंचा फोन आला. त्या आदिलाबादच्या पुढे जाऊन आल्या होत्या. राणीचं बरं चाललं होतं. रमेशचं यंत्र मात्र त्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली सापडलं. त्यानं ते कित्येक आठवडे लावलंच नव्हतं. भांडं पडलं, दार वाजलं की डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं व्हायचं म्हणे. हे सांगायचं कुणाला ते त्याला माहीत नव्हतं आणि घरच्यांना वाटलं पोरगा हट्टी आहे. शुभदाताईंनी आवाज कमी केला. तो संध्याकाळपर्यंत यंत्र लावून बसला, नंतर अंगणात गेला, आणि काढायला सांगितलं तरी काढेना.

"मदतीचं काय झालं?" मी विचारलं.

"ते वेगळं पान त्यांनी ठेवून घेतलंय. पुढचं काही कळवलं नाही अजून. सर रोज मेल बघतात."

मी संगणक उघडला. वर्षाचा तक्ता पूर्ण करायचा तर ही फेरीही भरायला हवी होती. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, वाहन: बस.

"प्रवासी एकच ना?" मी विचारलं.

त्या जरा घुटमळल्या. "नाही हो. दोन लिहा."

"बरोबर कोण होतं?"

"पेटी. मांडीवर ठेवली होती, पण निर्मलचा घाट लागला आणि माझा धीर झाला नाही. मग कंडक्टरला म्हटलं, हिचंही तिकीट दे. खिडकीशी बसवली."

मी दोन लिहिलं.